गॅरेजची जुनी लाकडी दारे आणि खिडक्या स्वतः बदलता येतील का?

प्रश्न

आमच्या घराला लागून विटांच्या भिंतींचे एक जुने गॅरेज आहे. त्याला दोन झडपांचे लाकडी दार असून त्याची एकूण रुंदी २.४ मीटर आणि उंची २.१ मीटर आहे. बाजूच्या भिंतीत दोन लहान लाकडी खिडक्या आहेत. दाराची डावी झडप मोकळ्या कडेकडे झुकली असून उघडताना जमिनीला घासते, दोन्ही झडपांच्या फळ्या खालच्या टोकाशी काळ्या पडल्या आहेत आणि खिडक्यांच्या चौकटींवरचा रंग पापुद्रे सुटून निघत आहे. फळ्यांची कपाटे, एक टेबल आणि कुंपणाचे फाटक एवढे सुतारकाम मी आजवर स्वतः केले आहे, परंतु भिंतीत बसवलेली चौकट कधी काढलेली नाही. खिडक्यांच्या जागी यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) तयार खिडक्या बसवाव्यात आणि दार मात्र लाकडाचेच नव्याने करावे, असा विचार आहे. चौकटीही बदलाव्या लागतील का, माप कसे घ्यावे आणि कामाचा क्रम काय असावा, याविषयी ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

नवे लाकूड आणण्यापूर्वी जुने लाकूड कशामुळे कुजले याचा शोध घ्यावा, कारण पाण्याची वाट तशीच राहिली तर नवे दारही त्याच जागी काळे पडू लागेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल लागते. कोरड्या राहणाऱ्या लाकडावर तिचे काही चालत नाही. तुमच्या फळ्या खालच्या टोकाशीच काळ्या पडल्या आहेत, याचा अर्थ जमिनीवर आपटून उडणारे पावसाचे पाणी किंवा दारापाशी साचणारे पाणी फळीच्या कापलेल्या टोकातून वर शोषले जात आहे. लाकडाचे तंतू म्हणजे उभ्या नळ्याच असल्यामुळे सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत कापलेले टोक पाणी कितीतरी वेगाने ओढून घेते, आणि नेमके तेच टोक रंगवायचे बहुतेक जण विसरतात, कारण दार एकदा टांगल्यावर तिथे कुंचला पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकट किती शाबूत आहे हे डोळ्यांनी न ठरवता पेचकसाने ठरवावे. तळापासून वरपर्यंत हातभर अंतरावर पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते लाकडात सहज शिरले आणि आतून भुसा किंवा ओलसर तुकडे निघाले तर तो भाग गेला असे समजावे. रंग चांगला दिसला तरी फसू नये, कारण जाड रंगाच्या आड पोकळ झालेली चौकट मी स्वतः पाहिली आहे. कूज फक्त पायाशी असेल तर सगळी चौकट उखडण्याची गरज नाही. दिसणाऱ्या कुजीच्या वर १० सेंटिमीटरपर्यंत तिरका छेद घ्यावा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा म्हणजे सांध्यात पाणी थांबणार नाही, आणि त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने व स्क्रूंनी जोडावा. नव्या पायाचे टोक जमिनीला टेकू न देता सुमारे १ सेंटिमीटर वर ठेवावे.

प्रतिसाद २

वरील मत दाराच्या चौकटीपुरते मला मान्य आहे. खिडक्यांच्या बाबतीत मात्र जुनी चौकट ठेवून तिच्या आत नवी बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तसे केल्यास काचेची जागा कमी होते, शिवाय कुजके लाकूड नव्या चौकटीच्या आड झाकले जाऊन ओल भिंतीत मुरत राहते.

चौकट काढण्याआधी तिच्या डोक्यावरचा थोडा गिलावा खरवडून पाहावा. वरच्या विटांचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकलेल्या स्वतंत्र लिंटलने, म्हणजे आडव्या तुळईने, पेललेला असेल तर काळजी नाही, परंतु जुन्या बांधकामात कधी कधी चौकटीची वरची आडवी बाजूच विटांना आधार देत असते, आणि ती काढताच विटा सुटतात. तसे आढळले तर ते काम स्वतः न करता जाणत्या गवंड्याला बोलवावे. लिंटल असल्याची खात्री झाल्यावर चौकटीची उभी बाजू मध्यावर करवतीने तिरकी कापावी आणि दोन्ही तुकडे पहारीने आतल्या बाजूला ओढावेत. चौकटीच्या उभ्या बाजू भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या असतील तर पट्ट्या कापाव्यात. हिसके देऊन उपटल्यास आजूबाजूच्या विटाही निखळतात.

जुन्या रंगाविषयी एक कळकळीची सूचना करतो. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तो कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. पाणी मारून ओलाच घासावा, सूक्ष्म धूळ अडवणारा मुखवटा वापरावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज पेचकसाने तपासणी केली. दाराच्या चौकटीची डावी बाजू तळाशी १५ सेंटिमीटरपर्यंत कुजली आहे, उजवी शाबूत आहे, आणि दोन्ही खिडक्यांची खालची आडवी बाजू टोकापासून टोकापर्यंत मऊ झाली आहे. वर काँक्रीटचे लिंटल आहे. डाव्या झडपेचे दोन्ही कर्ण मोजले असता त्यांत १८ मिलिमीटरचा फरक आला, मात्र बिजागऱ्या घट्ट आहेत. झडपेच्या मागे तिरकी पट्टी आहे; ती बिजागरीच्या बाजूला वरून सुरू होऊन मोकळ्या कडेला खाली उतरते. झुकण्याचे कारण तीच असेल का?

प्रतिसाद ३

होय, ती पट्टी उलट बसवलेली आहे. लाकडी तिरकी पट्टी दाबाखाली काम करते, म्हणून तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक मोकळ्या कडेला असले पाहिजे. तेव्हाच मोकळ्या कडेचे वजन पट्टीतून खालच्या बिजागरीकडे उतरते. तुमच्याकडे ती ताणाखाली आहे, आणि ताण सोसायला तिच्या टोकांचे खिळेच तेवढे आहेत. खिळे कालांतराने सैल होतात आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो, तोच तुमच्या कर्णांच्या मापांत दिसला. ताणाखालीच काम करायचे असेल तर लोखंडी सळई लागते, आणि तिची दिशा मात्र तुमच्या सध्याच्या पट्टीसारखी असते.

या भाराचा अंदाज आधी घेतलेला बरा. १.२ मीटर रुंद, २.१ मीटर उंच आणि सरासरी ३५ मिलिमीटर जाडीच्या झडपेत सुमारे ०.०८८ घनमीटर लाकूड असते. सागवान धरले तर घनमीटरला साधारण ६५० किलो या हिशेबाने तिचे वजन ५७ किलोच्या आसपास जाते. हे वजन बिजागरीपासून ६० सेंटिमीटर अंतरावर लोंबत असते. वरची आणि खालची बिजागरी १.७ मीटर अंतरावर असल्यास वरच्या बिजागरीला चौकटीपासून उपटू पाहणारी ओढ सुमारे २० किलो भरते, आणि ती रात्रंदिवस चालू असते. म्हणून लांब पट्टीच्या बिजागऱ्या घ्याव्यात, त्या झडपेच्या मागच्या आडव्या पट्ट्यांवरच याव्यात आणि निदान वरची तरी स्क्रूऐवजी आरपार बोल्टने बसवावी. तिरक्या पट्टीची टोके आडव्या पट्ट्यांत खाच करून रुतवावीत. इतकी जड झडप एकट्याने टांगू नये. खाली पाचरी देऊन आणि जोडीला माणूस घेऊनच हे काम करावे.

फळ्या जोडण्याआधी त्यांच्या खाचा, त्या खाचांत बसणाऱ्या शेजारच्या फळीच्या कडा (जिभा) आणि दोन्ही टोके रंगवून घ्यावीत. लाकूड आडव्या दिशेने ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, त्यामुळे कोरड्या दिवसांत सांधे उघडले की न रंगवलेल्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच शिरते.

प्रतिसाद ४

खिडक्यांविषयी लिहायचे राहिले आहे. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी, उंचीही तीन ठिकाणी मोजावी, आणि प्रत्येकीतले सर्वांत लहान माप धरून त्यातून १० मिलिमीटर वजा करावे, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जागा राहते. हे माप जुनी चौकट काढण्यापूर्वी विटांपाशी घ्यायचे असल्यामुळे कडेचा गिलावा दोन-तीन ठिकाणी खरवडावा लागेल. चौकट पाचरींवर उभी करून ओळंबा आणि पाणसळ पाहावी, दोन्ही कर्ण जुळवावेत आणि मगच स्क्रू आवळावेत. फटीत भरण्याचा फोम कमी फुगणारा घ्यावा आणि तो सुकेपर्यंत चौकटीच्या आत आडवी काठी अडकवून ठेवावी. पहिल्या खिडकीच्या वेळी मी हे केले नाही आणि फोमच्या दाबाने चौकट आत वाकून झडप अडकू लागली. फोम उन्हात भुगा होतो, म्हणून बाहेरून तो सीलंटने किंवा गिलाव्याने झाकावा. खिडकीखालच्या बांधकामाला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. यूपीव्हीसी चौकटीच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात, ती सीलंटने बुजवू नयेत.

नव्या खिडक्या घट्ट मिटतात, म्हणून भिंतीतले हवेचे झरोके बंद करू नयेत. गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. गॅरेजमधून घरात जाणारे दार असेल तर तेच काय ते फटी न ठेवता बसवावे.

क्रमाविषयी सांगायचे तर आधी एक खिडकी पूर्ण करावी, मग दुसरी, आणि दार शेवटी घ्यावे. दाराच्या चौकटीचा डावा पाय बदलल्यावर गोंद पूर्ण वाळेपर्यंत त्या बाजूवर झडप टांगू नये. तेवढे दिवस उघड्या जागेत प्लायवुड ठोकून ठेवावे आणि येण्याजाण्यासाठी उजवी झडप वापरावी.