वाळ्यानंतर काढलेल्या गवती चहाच्या तेलाला वाळ्याचा वास येतो, कंडेन्सर कसा धुवावा?

वाळा_कासारवडवली

नमस्कार. घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमचा बायकांचा बचत गट आहे. ५० लिटरचं स्टेनलेस स्टीलचं भांडं, खाली गॅसची शेगडी, आत जाळी, जाळीवर माल. वाफ नळीतून पाण्याच्या ड्रममधल्या स्टीलच्या कॉइलमध्ये (हाच आमचा कंडेन्सर) जाऊन थंड होते आणि खाली तेल-पाणी एकत्र पडतं. उन्हाळ्यात वाळा काढला, आता पावसाळ्यात गवती चहा लावलाय. तेल चांगलं निघतंय, पण मागे वाळ्याचा मातकट वास राहतो. ग्राहकाने माल परत केला.

दुसरी गोष्ट, भांडं तापायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो आणि गॅस जास्त जातो. ड्रमचं पाणीही पटकन गरम होतं, तरी नळीतून खाली वाफ येते. पाणी टँकरचं, कधी सोसायटीच्या बोअरचं. ड्रमच्या आत पांढरी खरपुडी दिसते. एकच औषध दोन्हीला चालेल का?

कळवा_नाका

ताई, संडास धुवायचं ॲसिड ओता आणि अर्धा तास ठेवा. खरपुडी सगळी निघते. आमच्या बाथरूमच्या नळांना तेच करतो.

जुना_फिटर_ऐरोली

कळव्याच्या भाऊंना हात जोडून विनंती, हे ॲसिड स्टीलच्या भांड्यात घालायला सांगू नका. त्यात हायड्रोक्लोरिक असतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते वरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि या ॲसिडमधलं क्लोराइड तोच थर फोडतं. मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, बहुतेक वेल्डिंगच्या कडेला. ब्लीचनेही तेच होतं. शिवाय ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद शेडमध्ये तो जिवावर बेतेल.

ताई, मी रबाळ्याला कारखान्यात कंडेन्सर उघडून साफ करण्यातच नोकरी काढली. तिथे शिकलो ते एवढंच: घाण कसली आहे हे कळल्याशिवाय बादली उचलायची नाही. तुमच्याकडे दोन घाणी आहेत. पाण्याच्या बाजूला क्षार, वाफेच्या बाजूला तेल. क्षाराला आम्ल लागतं, तेलाला लागत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

आधी क्षार. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्याचं कार्बोनेट होतं आणि धातूवर बसतं. हा थर उष्णता अडवतो. भांड्याच्या तळाला बसला की गॅस जास्त जातो, कॉइलवर बाहेरून बसला की वाफ थंड होत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ इथेच आहे. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ३० ते ५० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून ड्रममध्ये कॉइल बुडेल इतकं भरा. भांड्याच्या तळाला वेगळं घाला. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले आणि खरपुडी तशीच असेल तर द्रावण संपलंय, नवं करा. नायलॉनच्या ब्रशने घासा. लोखंडी तारेची घासणी वापरू नका, तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथे गंज धरतो.

आता वास. वाळ्याचं तेल दाट, चिकट आणि जवळजवळ पाण्याइतकंच जड असतं. वाफेसोबत येतं, पण थंड कॉइलच्या आत थर धरून राहतं. नुसत्या पाण्याने ते हलत नाही. पहिल्यांदा भांड्यात माल न घालता स्वच्छ पाणी उकळा आणि ड्रमला पाण्याची धार अगदी कमी ठेवा, म्हणजे कॉइल गरम राहील आणि वाफ शेवटच्या वळणापर्यंत पोहोचेल. खालच्या तोंडाजवळ हात नेऊ नका, वाफेने सोलून निघेल. मग शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, सगळं थंड. वरून नरसाळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) घाला, खालचं तोंड बुचाने बंद करून थोडा वेळ मुरू द्या आणि काढा. त्यानंतर गरम पाण्यात लिटरला २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या साबणाचे थेंब, तसंच. मग भरपूर पाणी. आयपीएचा वास पूर्ण गेल्याशिवाय शेगडी पेटवू नका, त्याची वाफ पेट घेते.

शेवटी पुन्हा रिकामी वाफ. खाली पडणाऱ्या पाण्याचा थेंब टिपकागदावर घ्या, वाळू द्या आणि त्या दिवशी शेडमध्ये न आलेल्या बाईला हुंगायला द्या. दिवसभर तिथे बसलेल्या नाकाला तो वास लागत नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दर वेळी पेटवण्याआधी कॉइलमध्ये वरून पाणी ओतून ते खाली मोकळं पडतंय का बघा. गवती चहाची पाती वाफेबरोबर उडून नळीच्या तोंडाशी अडकतात. तोंड बंद झालं आणि खाली शेगडी चालू असली तर भांड्यात दाब चढतो, झाकण उडतं. म्हणून माल गच्च भरू नका, वर हातभर नाही तरी वीतभर जागा सोडा.

रसायन_प्रयोगशाळा_वाशी

काकांनी सगळं बरोबर सांगितलंय. आमच्या कॉलेजच्या डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रालाही हीच खरपुडी बसते. एकच भर घालते. लिंबूफुलाचं द्रावण उकळू नका. खरपुडी आणि लिंबूफूल मिळून कॅल्शियम सायट्रेट होतं, ते गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे जोरात तापवलं तर क्षार गेला आणि पांढरा गाळ आला असं होईल. कोमटच बरं. आणि वापरलेलं द्रावण गटारात ओतण्याआधी खायचा सोडा घालून बुडबुडे थांबेपर्यंत शांत करा.

पाणी जड, म्हणजे खरपुडी धरणारं, आहे की नाही हे टीडीएस मीटरवरून (पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणारं यंत्र) ठरवू नका, त्या आकड्यात मीठही येतं. बाटलीत पाणी घेऊन साध्या साबणाचा तुकडा हलवा. फेस न येता दही फाटल्यासारखं झालं तर जड. निदान भांड्यात तरी पालिकेचं पाणी घाला. ठाण्याला भातसाचं, आम्हाला मोरबेचं, धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ असतं. पावसाचं साठवलं तर त्याहून चांगलं.

वाळा_कासारवडवली

खूप आभार काका, ताई. लिंबूफुलाने तळ चकचकीत झाला, पाणी पूर्वीसारखं लवकर उकळतंय. कॉइलचा वास अगदी कमी आहे, पण झाकण उघडलं की वाळा अजून येतोच. झाकण दोनदा सोड्याने धुतलंय.

जुना_फिटर_ऐरोली

झाकणाची रिंग कसली आहे? पांढरी, मऊ, सिलिकॉनची असेल तर वास तिच्यातच मुरलाय. सिलिकॉन तेल शोषतं, धुऊन निघत नाही. टेफ्लॉनची रिंग तेल धरत नाही, पण ती कडक असते, क्लॅम्प समोरासमोरचे थोडे थोडे कसत जावे लागतात, नाहीतर एका बाजूने वाफ सुटेल. खर्च नको असेल तर सिलिकॉनच्याच दोन रिंगा ठेवा. वाळ्याच्या रिंगेला दोरा बांधा आणि ती गवती चहाला लावू नका. नळीच्या जोडालाही अशीच रिंग असते, तीही बघा.