पोकर: हेड्स-अपमध्ये १५ आउट्सचा ड्रॉ, नुसते कॉल मारत बसलो आणि धुतला गेलो

कच्चा_भिडू
मंडळी हा डाव बघा जरा. सिट-अँड-गो (टेबल भरलं की सुरू होणारी छोटी स्पर्धा), दोघंच उरलेलो म्हणजे हेड्स-अप, दोघांकडेही ३० बिग ब्लाइंड (डावाआधी भरायची मोठी सक्तीची रक्कम, पुढचे आकडे त्यातच). मी बिग ब्लाइंडवर, हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. बटणवाल्याने (फ्लॉपपासून माझ्यानंतर खेळणारा) २ चा रेज केला म्हणजे रक्कम वाढवली, मी कॉल म्हणजे तेवढेच भरले, पॉट (मधला गल्ला) झाला ४. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते): बदाम नव्वी, किलवर अठ्ठी, बदाम दुर्री. म्हणजे फ्लशचाही (एकाच रंगाचे पाच पत्ते) ड्रॉ, एक पत्ता यायचा बाकी, आणि दोन्ही टोकांना उघडी स्ट्रेटपण (ओळीने पाच पत्ते), बघून हात थरथरायला लागले राव.

मी चेक (काही न लावता पुढे), त्याने २ लावले, मी कॉल. टर्न (चौथा पत्ता) इस्पिक तिर्री, मी चेक, त्याने थेट पॉट एवढे ८ लावले, मी परत कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चौकट राजा, त्याने उरलेले १८ ढकलले आणि मी फोल्ड, पत्ते टाकले. ३० मधले १२ गेले आणि एकदाही त्याला विचारात पाडलं नाही.

माझा हिशोब असा होता की आउट्स (ड्रॉ पुरा करणारे पत्ते) १५, दोन पत्ते यायचे असताना ढोबळ नियमाने चारने गुणले की ६० टक्के, म्हणजे मीच पुढे आहे मग कॉल करायला काय हरकत. चूक कुठे झाली? का नुसतंच नशीब?

गणित_गोगलगाय
आउट्स बरोबर मोजलेस. बदाम ९, राणी आणि सत्ती मिळून ८, त्यातली बदाम राणी आणि बदाम सत्ती दोनदा मोजायची नाहीत, म्हणून १५. पण चारने गुणायचा नियम आउट्स वाढले की फुगतो. खरा आकडा ५४, साठ नाही. ८ च्या वर जितके आउट्स तितके टक्के वजा केले की जवळपास जमतं, ६० वजा ७, ५३.

आता खरी गोम. ते ५४ टक्के दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर. तू कॉल केलास तेव्हा एकच पत्ता विकत घेतलास, त्याचे ३२ टक्के. दुसऱ्या पत्त्यासाठी त्याने वेगळे पैसे मागितले आणि तू दिलेस. तो टर्नचा कॉल मात्र चूक नाही हं, ८ भरून २४ चा पॉट म्हणजे ३३.३ टक्के हवेत आणि तुझ्याकडे ४६ पैकी १५, म्हणजे ३२.६. शिवाय ड्रॉ लागला असता तर रिव्हरला अजून काही निघाले असते. नशीबही होतंच, पण चुकीचा हप्ता फ्लॉपवरच भरला होतास.

ऑलइन_आत्या
फ्लॉपवर धक्का द्यायचा होतास बाळा! त्याने २ लावले, पॉट ६, तुझ्याकडे २८. सगळे ढकल, ऑल-इन. पळाला तर ६ फुकटात. कॉल केला तर एकूण पॉट ६०, आणि तू अगदी ४५ टक्केच जिंकतोस धरलं तरी २७ परत येतात, म्हणजे तोटा फक्त १. असं असेल तर त्याने सातात एकदा जरी पत्ते टाकले तरी तुझं भागतं. आणि हेड्स-अपला बटणवाला काय काय घेऊन बेट लावतो ते माहितीये ना, अर्ध्याहून जास्त वेळा त्याच्याकडे जोडीसुद्धा नसते.

शिवाय कोण कॉल करणार ते बघ. राजांची जोडी असली तरी तू ५५ च्या आसपास. एक्का-नव्वी असेल तर गुलाम किंवा दश्शीची जोडी लागली तरी तूच पुढे, म्हणजे अजून ६ आउट्स, साधारण तीनात दोनदा तू जिंकतोस. वाईट म्हणजे तीन नव्व्या किंवा तीन अठ्ठ्या, तिथे ४० च्या घरात, पण तेवढं तर चालायचंच.

सावध_कासव
आत्या, ऑल-इन बरोबरच आहे पण एक गोष्ट सुटतेय. तुमचा सगळा हिशोब फोल्डशी तुलना करून आहे. फोल्ड इथे कोण करतंय? २ भरून ८ च्या पॉटमध्ये शिरायचं तर कॉलसुद्धा नफ्याचाच, म्हणून कॉल म्हणजे गाढवपणा असं कृपया कोणी म्हणू नका. जो माणूस फ्लॉप-टर्न दोन्हीकडे काहीही घेऊन बेट लावतो त्याला लावू द्यावेत, लागल्यावर सगळे काढावेत. पण मग ३३ टक्क्यांच्या वेळी पॉटभर बेट आली तर रडू नये, तो कॉलचाच भाग आहे.

आणि हे सगळं ३० ब्लाइंडला. १०० असताना २ च्या बेटवर ९८ ढकलले तर कॉल फक्त सेट (तीन सारखे पत्ते), दोन जोड्या नाहीतर एक्क्याचा बदामवाला (बदाम एक्का घेऊन मोठ्या फ्लशच्या मागे असलेला) करेल, आणि त्या शेवटच्यासमोर तुझे बदाम आउट्स नाहीत, उलटे खड्डे आहेत. तेव्हा ८-९ पर्यंत रेज, त्याने परत जोरात मारलं तर थांबून विचार.

कच्चा_भिडू
अरे ५४ आणि ३२ चं डोक्यात शिरलं आता, धन्यवाद. दोन प्रश्न. रिव्हरला ड्रॉ चुकल्यावर मीच आधी १८ ढकलून ब्लफ केला असता तर? आणि मी बटणवर असतो आणि त्याने चेक केलं असतं तर काय?

गणित_गोगलगाय
ब्लफ नको. त्याच्या पत्त्यांमधले जे फोल्ड करतील ते म्हणजे चुकलेले बदामवाले, आणि दोन बदाम तर तुझ्याच हातात, म्हणजे तसे हात त्याच्याकडे कमी. वर रिव्हरला राजा पडलाय, तो त्याच्या बाजूचा पत्ता. बदाम नसलेली, चुकलेली स्ट्रेट असती तर मी विचार केला असता.

सावध_कासव
बटणवर असशील तर दोन्ही चालतं. बेट लाव, हेड्स-अपला तसाही चेक करणारा बराच वेळ फोल्ड करतो, किंवा पाठोपाठ चेक करून एक पत्ता फुकट बघ. फुकटचा पत्ता बटणवाल्यालाच मिळतो, बिग ब्लाइंडला तो समोरच्याच्या मर्जीवर. मी स्वतः ३० ब्लाइंडला लावतो, आणि त्याने चेक-रेज (आधी चेक, मग माझ्या बेटवर रेज) ऑल-इन केलं तर डोळे मिटून कॉल.

ऑलइन_आत्या
डोळे उघडे ठेवून कर, परवा मी बदाम समजून चौकट धरून बसले होते 😂

कच्चा_भिडू
😂 आत्या. रात्री परत बसतोय, पुढचा असा फ्लॉप आला की सांगतो.