राग रक्तातूनच येतो का?

अनवाणी:
माझे वडील भयंकर तापट होते. आता मीही तसाच होत चाललोय असं बायको म्हणते, आणि परवा मुलावर ओरडलो तेव्हा खरंच मला माझ्या तोंडून वडिलांचा आवाज ऐकू आला. नेटवर वाचलं की स्वभाव ५० टक्के जीन्समुळे आणि ५० टक्के वातावरणामुळे. म्हणजे अर्धा राग वडिलांचा आणि अर्धा माझा असं धरायचं का? आणि मी त्यांच्याच घरात वाढलो, मग रोजची आरडाओरड ऐकली ती कुठल्या खात्यात टाकायची?

चकवा:
शेवटचा प्रश्न नेमका. जन्मदाते आईवडीलच वाढवतात तेव्हा जीन्स आणि घर दोन्ही एकाच हातून मिळतं, म्हणून तर संशोधक जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या मागे लागतात. ते ५० टक्के बहुतेक २०१५ च्या एका मोठ्या हिशोबातून आले असतील, त्यात जुळ्यांवरचे २७०० च्या वर अभ्यास एकत्र केले होते आणि सरासरी ४९ टक्के निघाली. पण ही टक्केवारी माणसामाणसातल्या फरकाची आहे, एका माणसाच्या रागाची नाही. टाळी वाजली तर त्यात डाव्या हाताचा आवाज किती टक्के असं विचारतो का आपण?

निवांत१:
म्हणजे शेवटी नशीबच ना. जे रक्तात आलं ते आलं.

चकवा:
अजिबात नाही. पीकेयू नावाचा आजार बघ, पूर्ण जीन्समधून येतो. फेनिलअॅलॅनिन नावाचा प्रथिनातला घटक शरीराला नीट पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदूचं नुकसान करतो. पण जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासलं आणि खाणं सांभाळलं तर तेच मूल जवळजवळ नॉर्मल वाढतं. जीन तोच, नुसतं ताट बदललं.

कोरडा_ठणठणीत:
रागाचा जीन म्हणून एमएओए चं नाव मध्ये फार गाजलं होतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांना लहानपणापासून मोठेपणापर्यंत तपासत आलेत, त्यातल्या मुलग्यांवर २००२ मध्ये पेपर आला. या जीनचं कमी सक्रिय रूप असलेल्या आणि लहानपणी छळ झालेल्यांमध्ये हिंसक वागणं जास्त दिसलं, नुसता जीन असून घर बरं असेल तर तसं नाही. नंतर बाकीच्यांनी करून पाहिलं तर निकाल कधी जुळले कधी नाही. मला विचाराल तर 'अमक्याचा जीन सापडला' अशी बातमी आली की सरळ पुढे जायचं, स्वभावामागे असे हजारो जीन असतात आणि एकेकाचा वाटा चिमूटभर.

सायसाखर:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही, मूलसुद्धा स्वतःचं वातावरण तयार करतं. चिडकं मूल असेल तर आईबाप जास्त ओरडतात, मग ते अजून चिडतं, आणि यातलं आधी काय नि नंतर काय ते कोणी सांगावं! अनवाणी, तुम्ही ओरडता तेव्हा मुलगा काय करतो?

अनवाणी:
दार आपटून जातो. वडील कधी दार आपटायचे नाहीत हो, ते मी सुरू केलंय.