शब्दचर्चा: 'शुल्ड'ला मराठीत काय म्हणायचं? दोष, अपराधगंड की आणखी काही?

मंडळी, एका शब्दावर चार दिवस अडकलेय, मदत करा. आमच्या वाचनगटासाठी एका जर्मन लेखाचं मराठी करतेय, विषय नाझी गुन्हेगारांच्या मुलांचा. त्यात 'शुल्ड' हा शब्द पानोपानी येतो. एकवचनात त्याचा अर्थ दोष, अपराध. अनेकवचनात 'शुल्डेन' झालं की कर्ज, उधारी, बँकेचे हप्ते थकले तरी हाच शब्द. त्यामुळे "बापाची शुल्ड माझ्यावर येते का" असं कुणी विचारलं की जर्मन कानाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. मी आधी 'अपराधगंड' लिहून मोकळी झाले होते, पण परत वाचताना टोचायला लागलं. गंड म्हटलं की न्यूनगंड, अहंगंड, म्हणजे मनाचा काहीतरी बिघाड, ज्यातून माणसाने बरं व्हायचं असतं. आता निक्लास फ्रांकचं बघा. बाप हान्स फ्रांक, नाझींनी बळकावलेल्या पोलंडचा गव्हर्नर जनरल, १६ ऑक्टोबर १९४६ ला न्यूरेम्बर्गला फासावर गेला तेव्हा हा ७ वर्षांचा. मोठा झाल्यावर हा बापाच्या प्रेताचा फोटो जवळ बाळगतो, तो नक्की मेलाय हे बघायला. त्याला गंड झालाय असं मी कुठल्या तोंडाने लिहू? १९८७ मध्ये त्याने बापावर पुस्तक काढलं, त्याच्या उपशीर्षकात 'आब्रेख्नुंग' आहे, म्हणजे हिशेब चुकता करणं. परत पैशाच्या व्यवहारातलाच शब्द!

वाटसरू:
'ओशाळलेपण' कसं वाटतं? आपण काहीच केलेलं नसतं, घरातल्या दुसऱ्याने पाहुण्यांसमोर काहीतरी वेडंवाकडं केलेलं असतं आणि मान आपली खाली जाते. अपराधी वाटणं वेगळं, ओशाळं वाटणं वेगळं, हा फरक मराठीत चांगला शाबूत आहे.

धागाकर्ती:
शब्द फार आवडला, पण जीव लहान पडतो हो. पाहुण्यांसमोरचा प्रसंग आणि लाखो माणसं मारणं याला एकच शब्द कसा पुरेल. शिवाय ओशाळणं थोड्या वेळाने ओसरतं. हिटलरचा उजवा हात हर्मान गोरिंग, त्याच्या चुलत नातीने आणि तिच्या भावाने मूल होऊ नये म्हणून स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली, ते रक्त पुढे जायला नको म्हणून. आपण किती सहज म्हणतो 'खाण तशी माती', त्या दोघांनी ती म्हण अंगावर घेतली असं म्हणायला हवं. मला ती म्हण आता तोंडात घ्यावीशी वाटत नाही.

नदीकाठ:
वाल्या कोळी विसरलात का सगळे? रांजण खड्यांनी भरलेत, नारद सांगतात घरी जाऊन विचार, तुझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का. बायकोपोरं म्हणतात आम्ही नाही बुवा. तुमचा शब्द 'वाटेकरी', संपलं.

धागाकर्ती:
>>बायकोपोरं म्हणतात आम्ही नाही बुवा<<
इथेच तर खरी गोम आहे. वाल्याने निदान घरी येऊन विचारलं, यांच्या बापांनी कधी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर सगळ्यांनी नाही म्हटलं असतं असंही नाही. एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर, त्याची मुलगी गुड्रुन २०१८ मध्ये वारली, शेवटपर्यंत तिने बापाला दोष दिला नाही, वर जुन्या नाझींना मदत करणाऱ्या संस्थेत वावरली. उलट निक्लासला आठवतं की आई त्याला गाडीत घालून क्राकोच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत न्यायची आणि तिथल्या ज्यूंकडून फरचे कपडे कवडीमोलाने उचलायची. ते पोर पापाचं वाटेकरी नव्हतं, पण त्या स्वस्त मालावर चाललेल्या घरात वाढत होतं. या दोन गोष्टींना मला वेगवेगळे शब्द हवेत आणि जर्मनमध्ये नेमकं एकच आहे.

जुनादप्तर:
मी दिवाणी वकिली केली आहे म्हणून सांगतो. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जायचं, २००५ च्या दुरुस्तीने ते पुढच्या कर्जांपुरतं रद्द झालं. पण तेव्हाही एक अपवाद होता, 'अव्यावहारिक' ऋण. याज्ञवल्क्यस्मृतीत स्पष्ट आहे की दारू, बाईचा नाद, जुगार यातलं कर्ज आणि बापाच्या दंडाची राहिलेली बाकी मुलाने द्यायची नाही. दंडाची बाकी, लक्षात घ्या! म्हणजे शिक्षा वारशात उतरत नाही. कोर्टात 'अव्यावहारिक'चा अर्थ 'प्रॅक्टिकल नसलेलं' असा नाही, नीतीला सोडून केलेलं असा होतो.

धागाकर्ती:
वकीलसाहेब, काय दिलंत तुम्ही! नाझींनी नेमकं याच्या उलट केलं होतं, 'झिपनहाफ्ट' म्हणजे नात्यावरून अटक. २० जुलै १९४४ चा हिटलरवरचा हल्ला फसला तेव्हा बॉम्ब ठेवणारा अधिकारी श्टाउफेनबर्ग, त्याची मुलं उचलून बाड साक्सा या गावी ठेवली आणि त्यांची आडनावं बदलली. त्यामुळे मुलांना 'दोषी' म्हणणं म्हणजे तेच परत करणं, तो शब्द मी बाद केला.

मग उरलं काय, तर 'देणं'. हिल्डे श्राम, हिटलरचा वास्तुविशारद आणि मंत्री आल्बर्ट श्पेर याची मुलगी, तिच्याकडे बापाकडून चित्रं आली. तिने ती विकली आणि १९९४ मध्ये बर्लिनला ज्यू स्त्री कलाकार आणि संशोधकांसाठी संस्था उभी राहिली, तिचं नाव 'त्सुरूकगेबेन', परत देणं. ती दोषी नाही, पण आपण देणं लागतो हे तिने ओळखलं. 'लागतो' हे क्रियापद किती नेमकं आहे बघा, देणं मागितलं नाही तरी लागतं.

नदीकाठ:
पटलं. पण मग 'फेडणं' का नको? देणं फेडतात.

धागाकर्ती:
फेडलं की खातं बंद होतं ना. इथे ज्याचं घेतलं तो गॅस चेंबरमध्ये गेला, पावती कोण देणार. म्हणून तिच्यासारखंच 'परत देणं' ठेवतेय.

वाटसरू:
अर्जेंटिनातलं एक आठवलं. तिथे हुकूमशाहीतल्या (१९७६-८३) एका पोलीस अधिकाऱ्याच्या मुलीने कोर्टात जाऊन आडनाव टाकलं आणि स्वतःला 'एक्स-इखा' म्हणवलं. शब्दशः 'माजी मुलगी'. मराठीत माजी आमदार होतो, माजी मुलगी होते का?

धागाकर्ती:
मराठीत होत नाही आणि स्पॅनिशमध्येही होत नसावी, म्हणूनच तिने तो शब्द बनवला असणार. मी 'माजी मुलगी'च लिहीन, वाचणाऱ्याला खटकू दे. माझ्या लेखातलं वाक्य आता असं झालंय: "बापाचा दोष माझा नाही, पण त्याचं देणं मी लागते का?" एका 'शुल्ड'चे दोन शब्द झाले. फक्त जर्मन तत्त्वज्ञ यास्पर्सच्या १९४६ च्या पुस्तकाच्या नावात 'दोषाचा प्रश्न' तसंच ठेवलंय, तिथे तो सगळ्या जर्मनांना, मोठ्या माणसांना विचारतोय.