'अपहीव्हल' आणि 'टर्मॉइल' : दोन्हींना 'उलथापालथ' म्हणावे काय?

प्रश्न
एका समाजशास्त्रीय लेखाचा अनुवाद करताना 'अपहीव्हल' हा शब्द वारंवार येत आहे. 'पोलिटिकल अपहीव्हल'साठी 'राजकीय उलथापालथ' योग्य वाटते. परंतु त्याच लेखात नोकरीनिमित्त कुटुंबाने बिऱ्हाड हलवण्यालाही 'अपहीव्हल' म्हटले आहे आणि तेथे 'उलथापालथ' फार जड होते. शिवाय पुढे 'टर्मॉइल' येतो, त्याचाही अर्थ जवळपास हाच दिसतो. जाणकारांनी फरक स्पष्ट करावा.

प्रतिसाद १
'हीव्ह' म्हणजे जड वस्तू जोर लावून वर उचलणे. भूशास्त्रात जमिनीचा भाग खालून रेटला जाऊन वर येण्याला 'अपहीव्हल' म्हणत असत; आता तेथे 'अपलिफ्ट' अधिक रूढ आहे. फेब्रुवारी १८३५ मध्ये चिलीत झालेल्या मोठ्या भूकंपानंतर किनाऱ्यालगतची जमीन काही फूट वर आल्याची नोंद चार्ल्स डार्विन यांनी केली आहे. कंप थांबतो, पण जमीन लगेच पूर्वीच्या पातळीवर परतत नाही, आणि समाजाविषयी हा शब्द वापरताना हीच छटा महत्त्वाची ठरते. १७८९ नंतर फ्रान्समध्ये राजसत्ता, सरदारांचे विशेषाधिकार आणि चर्चची मालमत्ता या साऱ्यांचा पायाच हलला, म्हणून त्या घडामोडींना 'अपहीव्हल' शोभतो. 'टर्मॉइल' मात्र अवस्था सांगतो: खळबळ, अस्वस्थता, गोंधळ. शेअर बाजारात आठवडाभर माजलेली खळबळ शमल्यावर सारे पूर्ववत होऊ शकते.

प्रतिसाद २
वापरातही फरक आहे. एखादा देश 'इन टर्मॉइल' आहे असे सर्रास लिहितात. 'इन अपहीव्हल' त्यामानाने कमी आढळते. 'अपहीव्हल्स' हे अनेकवचन नेहमीचे आहे, 'टर्मॉइल'चे क्वचितच दिसते.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादातील भेद मला मान्य आहे, तरी कायमच्या बदलाची कसोटी फार ताणू नये. घर बदलणे, कार्यालयाची पुनर्रचना, घराची मोठी दुरुस्ती अशा तात्पुरत्या ओढाताणीलाही इंग्रजीत 'अपहीव्हल' म्हणतात. अशा ठिकाणी नामासाठी नामच शोधण्याचा हट्ट सोडावा, कारण 'बसलेली घडी विस्कटणे' या क्रियापदाच्या रचनेत नेमका तोच भाव आहे. त्यामुळे 'या स्थलांतराने कुटुंबाची सारी घडी विस्कटली' असे लिहिता येईल. काही कोशांत 'उत्पात' हा पर्याय दिसतो. भूकंप, उल्कापात अशा अरिष्टसूचक घटनांना पूर्वी उत्पात म्हणत, आणि त्यातील 'उत्' या उपसर्गाचा अर्थही 'वर' असाच आहे, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु आजच्या मराठीत त्यातून नासधूस किंवा उपद्रवच सूचित होतो, म्हणून मी तो टाळेन.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. 'इमोशनल अपहीव्हल'साठी 'घालमेल' चालेल काय?

प्रतिसाद ३
निर्णय होत नसल्याने मनाची जी ओढाताण होते ती घालमेल, आणि ती 'टर्मॉइल'च्या अधिक जवळ आहे. जोडीदाराच्या मृत्यूसारख्या घटनेने माणूस मुळापासून हलला असेल, तर 'भावनिक उलथापालथ' असेच लिहावे. तेथे शब्दाचे वजन खटकणार नाही.