माळ्यावरचा होल्डॉल आणि परवडणारा डोंगर: उन्हाळी सुट्टीचे अनुभव लिहा

रिकामा_थर्मास
काल माळा आवरताना जुना हिरवा होल्डॉल सापडला. पट्टे कुजलेले, एक बकल गायब, डांबरगोळ्यांचा वास मात्र शाबूत. उशीच्या कप्प्यात हात घातला तर बाबांची खिशातली वही. वर तारीख, "चिखलदरा, मे १९८९", खाली पानभर हिशेब. एस.टी., दूध, केळी, रॉकेल (हो, स्टोव्ह घेऊन गेलो होतो), रबडी, परत रबडी, आणि शेवटून दुसरी ओळ: "माकडाने नेलेली टोपी ९ रु."

टोपी माझी होती. आईने मला धपाटा घातला होता, बाबांनी खर्च माकडाच्या नावावर टाकून विषय मिटवला.

सहा दिवस, चार माणसं, एकूण ६४० रुपये. अकोल्याच्या उन्हातून पळायचं म्हणजे चिखलदरा, दुसरं नाव आमच्या घरात निघायचंच नाही. आत्याच्या नणंदेचे यजमान परतवाड्याला होते, त्यांच्या ओळखीतून वर एक खोली मिळायची.

आता मी पुण्यात. बायको म्हणते मनालीला जाऊ, मुलं (११ आणि ६) बर्फ म्हणतात, आई म्हणते कुठेही न्या पण संडास खोलीला लागून हवा, वय ७१, गुडघे गेलेत. दोन पगार असून पॅकेजचे आकडे बघून धाप लागते. स्वस्तात कुठे गेलात, कुठे फसलात, सगळं लिहा. पॅकेजच्या लिंका नकोत, त्या मला न मागता येतात.

गुळपोळी
माकडाची टोपी 😂😂 बाबांना साष्टांग.

घाटातली_उलटी
नाव बघून कळलं असेल माझा अनुभव काय असणार. ठिकाण निवडताना सगळे हॉटेल बघतात, मी वळणं मोजते. आवळासुपारी, लिंबू, ओवा, पुढची सीट, सगळं करून झालंय. उलटीच्या गोळीने झोप येते, मग घाट दिसतच नाही. दिसला नाही तर कशाला जायचं म्हणा.

नेरळ_लोकल
माथेरान. पण ऐका, स्वस्त म्हणून जाल तर फसाल, आम्ही फसलो. गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते, पुढे मोटारींना बंदी. म्हणजे वर येतं त्यातलं बरंचसं घोड्यावर किंवा माणसाच्या डोक्यावर. पाण्याच्या बाटलीपासून सिलिंडरपर्यंत सगळ्याला ही हमाली लागते आणि ती बिलात दिसते. आम्ही दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी आणि सासूबाई. बॅगांना हमाल केला, सासूबाईंना घोडा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच घोडा आहे.

शेवटी अमन लॉज स्टेशनवरून शटल मिळाली. छोटी रेल्वे, बाजारात सोडते, गुडघेवाल्यांसाठी तीच. तिकिटाची रांग लवकर धरा. नेरळहून वर येणारी गाडी १९०७ पासूनची आहे, तिचं तिकीट मिळालं तर मुलांना मनाली आठवणार नाही. आम्हाला नाही मिळालं.

सावली मात्र काय सांगू. तीन दिवस लाल मातीत चाललो, परत आल्यावर पांढऱ्या मोज्यांचा लाल रंग आठ धुण्यांत गेला नाही.

मीटरमोजे
कुठेही बुकिंग करण्याआधी उंची बघा. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, ढोबळमानाने. माथेरान ८०० मीटर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, चिखलदरा १,१०० च्या थोडं वर. आता अमरावती स्वतःच साडेतीनशेवर आहे, म्हणजे खाली ४४ असेल तर चिखलदऱ्यात दुपारी ३९. याला थंड हवा म्हणायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

सातपुडा
@मीटरमोजे दुपारी झोपायचं हो. संध्याकाळी सहानंतर बाहेर पडा, मग बोला. रात्री गोधडी लागते. आम्ही खाली अचलपुरात राहतो, फरक अंगाला कळतो, त्याला कोष्टक नको.

मीटरमोजे
गोधडीचं मान्य.

आजी_ऑनलाइन
मी ७३ ची. मुलाने हौसेने शिमल्याला नेले. साल २०१८, मे संपत आला होता, आणि नेमके तेव्हाच तिथले पाणी आटले. बातम्यांत आले होते. हॉटेलात दिवसाला माणशी एक बादली. माझी सून बादली घेऊन जिन्यात उभी, मुलगा मॅनेजरशी भांडतोय, नातू म्हणतो आजी इथे पण लातूरच आहे. लातूरकर असल्याने आम्हाला सवय होती, शेजारच्या खोलीतली मंडळी रडकुंडीला आली. तेव्हापासून मी आधी विचारते पाणी आहे का, मग डोंगर.

कालकाहून जाणारी छोटी रेल्वे मात्र फार सुंदर. बोगदा आला की सगळा डबा ओरडतो, मीही ओरडले.

गुळपोळी
आजी 😂 नातवाला माझ्यातर्फे चॉकलेट.

आजी_ऑनलाइन
आता बारावीला आहे. चॉकलेट घेत नाही, मोबाइल मागतो.

एसटीचा_लाल_डबा
माझं गणित बघा. महाराष्ट्रातच राहिलात तर एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून). पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं. म्हणजे वहिनी अर्धं, आई अर्धं, दोन्ही मुलं अर्धं, पूर्ण तिकीट एकट्या थर्मासरावांचं. पाच माणसं तीन तिकिटांत.

आता रेल्वे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद. मुलांना बर्थ हवा तर पूर्ण भाडं. म्हणजे पाच माणसं पाच तिकिटं, आणि तीही ६० दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी आठला बोटं चालवलीत तर. पूर्वी १२० दिवस होते, तेव्हा निदान चार महिने आशा तरी असायची.

डोंगर स्वस्त असतो हो, महाग पडतं ते तिथवर पोचणं.

रिकामा_थर्मास
@एसटीचा_लाल_डबा हे बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग तू घरीच राहा, आम्ही चौघं दोन तिकिटांत जाऊन येतो."

घाटातली_उलटी
वहिनी जिंकल्या.

पाऊसवेडी
उत्तराखंडातलं कौसानी लिहिते. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी, वळणंच वळणं (@घाटातली_उलटी तू नको जाऊस). गांधीजी १९२९ मध्ये तिथे राहिले होते, तो अनासक्ती आश्रम आहे, तिथे खोली मिळाली होती. साधी. संध्याकाळी प्रार्थना, जेवण शाकाहारी, आवाज नाही. खर्चाच्या बाबतीत आमची ही सगळ्यात हलकी ट्रिप. नवऱ्याला तिसऱ्या दिवशी अंडं आठवायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

पण मूळ तक्रार अशी की हिमालय दिसला नाही. मे महिना, खाली कुठे कुठे जंगलं पेटलेली, सगळीकडे धुरकट. रोज पहाटे उठून शाल गुंडाळून गच्चीत, समोर राखाडी पडदा. शेजारचे बंगाली काका रोज म्हणायचे काल दिसला होता. रोज "काल". निघायच्या आदल्या रात्री वळवासारखा पाऊस पडला. सकाळी बॅगा टॅक्सीत टाकताना मुलगी ओरडली. त्रिशूल, नंदादेवी, सगळी रांग, इतकी जवळ की खोटी वाटावी. टॅक्सीवाला वीस मिनिटं थांबला, एक पैसा जास्त घेतला नाही. काका झोपले होते. मी जाऊन दार वाजवलं.

म्हणून शिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर. उन्हाळ्यात नुसती थंडी घ्यायची असेल तर जा, मनात शिखर ठेवू नका.

कोरडा_चहा
पाऊसवेडी, काका उठले का?

पाऊसवेडी
उठले. स्वेटर उलटा घालून आले.

नागपुरी_संत्रं
पचमढी कसं कोणी लिहिलं नाही अजून?? आमच्याकडे पचमढी म्हणजे सुट्टी आणि देवदर्शन एकत्र. विदर्भातले लोक महादेवाला जातातच, नागपंचमीला नागद्वाराची यात्रा असते. पिपरियाला रेल्वेने उतरायचं, पुढे बस नाहीतर वाटणीची जीप. पॉइंट फिरायला जिप्सी करावी लागते, तिथे पैसा जातो. आम्ही उतरलो त्या ठिकाणी दुसरं एक कुटुंब होतं, जिप्सी अर्धी अर्धी केली. त्यांची मुलगी आणि माझा भाऊ... पुढच्या वर्षी लग्न झालं. भावाचा खर्च काही वाचला नाही.

धूपगडावरून सूर्यास्त बघा, सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. स्वेटर लागतो, मे मध्येसुद्धा, वारा असतो.

गुळपोळी
हा धागा आता लग्नं कशी जमली यावर चालवू या का

कोरडा_चहा
आमचं भंडारदरा. काजवे बघायला. मेच्या मध्यावर गेलो आणि तीच चूक. पहिला पाऊस जवळ आला की झाडं लखलखतात, मेअखेर ते जूनची सुरुवात. आम्हाला एका झाडावर सात की आठ दिसले, लेकीने मोजले. धरण आटलेलं, दुपारी ऊन मरणाचं, ते काही थंड हवेचं ठिकाण नाही हे तिथे जाऊन कळलं. गावात एका घरी उतरलो होतो. त्या मावशींनी अंगणात बाजा टाकून दिल्या, नाचणीची भाकरी, ठेचा. लेकीला आजही ती बाज आठवते, काजवे आठवत नाहीत. शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका, मोटारींच्या दिव्यांत काजवा दिसेल कसा.

निलगिरी_तेल
ऊटीचा विचार असेल तर २०२४ पासून तिथे आणि कोडाईकनालला जायला ई-पास लागतो, आधी ऑनलाइन काढा. आम्हाला माहीत नव्हतं, नाक्यावर रेंज शोधत तासभर.

एसटीचा_लाल_डबा
होल्डॉल टाकणार असाल तर मला द्या. पट्टे मी बसवून घेतो.

रिकामा_थर्मास
होल्डॉल नाही टाकत, मुलगी त्यात झोपून बघतेय.

ठरत आलंय असं दिसतं. मनाली रद्द नाही, पुढे ढकलली (असं बायकोला सांगितलंय). तोरणमाळ की चिखलदरा एवढंच उरलंय. तोरणमाळ कुणी केलंय का? आईला झेपेल?

सातपुडा
शहाद्याहून वर जायचं, सात पायरी घाट. नाव पायरी असलं तरी गाडीरस्ता आहे, गुडघ्यांना काही नाही. वर यशवंत तलाव, गर्दी नावाला. पण राहायची सोय मोजकीच, फोन करून पक्कं करूनच निघा, आणि औषधं खालून घ्या. वर किराणा मिळेल, आईची बीपीची गोळी मिळेल याची खात्री नाही. मी तरी म्हणेन आई बरोबर आहे तर चिखलदरा. परतवाडा खाली आहे, डॉक्टर आहे, रबडी आहे. धबधबे कोरडे असतील, भीमकुंड नुसता खडक. गाविलगड किल्ला सकाळी सातच्या आत उरका.

आणि तिथली कॉफी प्या, महाराष्ट्रात पिकते ती तिथेच.

रिकामा_थर्मास
आईला विचारलं. म्हणाली चिखलदरा. मग थांबून म्हणाली, "टोपी नऊची नव्हती, सातची होती. दोन रुपयांची त्यांनी तपकीर घेतली."

गुळपोळी
😂😂😂 पस्तीस वर्षं माकडाच्या नावावर

आजी_ऑनलाइन
आमचे हे पण असेच. "किरकोळ" म्हणून लिहायचे.

हॉटेल_पाहिजे_२२
पूर्ण वाचलं नाही. मे मध्ये महाबळेश्वरला स्वस्त हॉटेल सांगा, ४ जण. एसी मस्ट.

मीटरमोजे
🙏