वॉर्डातला लहान ख्रिस्ती समूह जपमाळ आणि चहापुरताच उरलाय, पुढं कसा न्यावा?

वॉर्डसंयोजक_बेळगाव
आमच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या एका भागात, ३८ घरं. महिन्यातून एकदा बैठक होते: जपमाळ, एक गाणं, चहा-फराळ, पुढचं घर ठरलं की उठायचं. हजेरी दहा-बारा, बहुतेक बायकाच. उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिफ्ट करणारे पुरुष आणि कॉलेजची पोरं येतच नाहीत. निम्मी घरं मराठी-कोंकणी, निम्मी कन्नड. घरटी महिना २० रुपये जमतात, ते कुणाकडं ठेवायचे यावरून कुजबुज चालू आहे. समूहाला प्रार्थनेबरोबर एक सामाईक कार्य हवं आणि समूह वाढायलाही हवा. नेमकी सुरुवात कुठून करावी?

सातवी_पायरी
३८ घरांचा एक समूह चालत नाही हो. गोल बसून प्रत्येकाला एकदा तरी बोलता यावं एवढीच माणसं हवीत, म्हणजे एका समूहात १० ते १५ घरं. तुमच्याकडं तीन समूह होतील. वाटणी गल्लीनं करा, भाषेनं मुळीच नको. भाषेनं केली की एकाच चर्चमध्ये दोन चर्च तयार होतात आणि ते परत जुळवणं फार अवघड जातं.

जपमाळ घरोघरी होऊ दे, पण बैठकीचा कणा शुभवर्तमान हवं, म्हणजे बायबलमधला येशूचा वृत्तांत. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेनं रुजवलेली सात पायऱ्यांची पद्धत आपल्या गल्लीत चांगली बसते, कारण तिला धर्मगुरू किंवा शिकलेला वक्ता लागत नाही. आधी प्रभूला बोलवायचं. मग येत्या रविवारी चर्चमध्ये वाचला जाणारा उतारा वाचायचा, दहा-बारा ओव्यांचाच. मग ज्याला जो शब्द भिडला तो त्यानं तीनदा सावकाश म्हणायचा, मधे थांबून. समजा मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आहे आणि कुणी म्हणालं, "तुमच्याजवळ किती भाकरी आहेत?" हे वाक्य तिसऱ्यांदा कानावर पडतं तेव्हा ते आपल्याच स्वयंपाकघरातला डबा उघडून विचारल्यासारखं लागतं. त्यानंतर तीन मिनिटं पूर्ण शांतता, मग काय भिडलं ते सांगणं, मग काय करायचं ते ठरवणं, शेवटी आपापल्या शब्दांत प्रार्थना.

बिघाड दोन ठिकाणी होतो. पाचव्या पायरीला, म्हणजे काय भिडलं ते सांगताना, एखादे काका प्रवचन सुरू करतात. त्यावर नियम असा की वाक्य "मला" या शब्दानं सुरू व्हावं आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर टीका नको. सहाव्या पायरीला, म्हणजे काय करायचं ते ठरवायला, वेळच उरत नाही, कारण आत चहा उकळत असतो. म्हणून घड्याळ बघून चाळिसाव्या मिनिटाला सहावी पायरी सुरूच करायची. समूहाचं सामाईक कार्य तिथंच जन्मतं. ती गाळली तर नुसतं प्रार्थना मंडळ उरतं.

एक वही ठेवा, चार रकाने: काम, दोघांची नावं, तारीख, काय झालं. पुढची बैठक ही वही वाचूनच सुरू करा. "सगळ्यांनी आजाऱ्यांना भेटूया" असं लिहिलं तर कोणीच जात नाही. "मागच्या गल्लीतल्या पॅरालिसिस झालेल्या आजोबांकडं हे दोघं, गुरुवारी सहाला" असं लिहिलं की जातात.

हिशेब_चोख
पैशाचं आधी मिटवा, कुजबुजीनं समूह आतून पोखरतो. कुणाच्याही खासगी बचत खात्यात वर्गणी नको, माणूस कितीही सचोटीचा असो. समूहाच्या नावानं वेगळं खातं काढायला कागदपत्रं फार लागतात. त्यापेक्षा फादरांशी बोलून पॅरिशच्या (आपल्या चर्चच्या धर्मग्रामाच्या) खात्यात तुमच्या समूहाचं वेगळं पान ठेवा. प्रत्येक पॅरिशला अर्थ समिती असलीच पाहिजे असं चर्चच्या कायद्याचं ५३७ वं कलम सांगतं, तर १२८७ व्या कलमात भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना देण्याची जबाबदारी आहे. तेव्हा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

हाताशी दोन हजारांच्या आतच रोकड ठेवा, पेटी एकाकडं आणि किल्ली दुसऱ्याकडं. औषधासाठी म्हणून जमवलेला पैसा मंडपाला वापरायचा नाही. दान ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी खर्चावं, हे १२६७ व्या कलमातच आहे. दर बैठकीत जमा, खर्च आणि शिल्लक मोठ्यानं वाचा.

खानापूर_रोड
कामाबद्दल सांगतो. तीन महिन्यांत एकच काम घ्या, आणि वॉर्डात खरी अडचण असलेलं. आपल्या सीमाभागात एक अडचण घरोघर आहे: नाव. मराठी शाळेच्या दाखल्यावर "फर्नांडिस", आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं दुसरंच स्पेलिंग, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरं. स्कॉलरशिपचा अर्ज तिथंच अडकतो. कॉलेजची पोरं बैठकीला येत नाहीत म्हणता ना? त्यांना हेच काम द्या. जूनच्या आधी दोघादोघांनी घरोघर जाऊन तिन्ही कागद शेजारी ठेवून नावं ताडून बघायची, चूक असेल तिथं आधी आधार दुरुस्त, मग नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) उत्पन्नाचा दाखला. नुसतं "तरुणांनी यावं" म्हणून पोरं येत नाहीत, त्यांच्यावाचून अडणारं काम दिलं तर येतात.

भेटीला नेहमी दोघंच जा. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत घरभेट दोघादोघांनीच करतात. एकटा गेला तर घरच्यांनाही अवघडतं. आणि मदत शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरांनाही त्याच मापानं, कुठलीही प्रार्थनेची अट न घालता. पोप बेनेडिक्ट यांनी २००५ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय, प्रेमसेवा हे धर्मांतराचं साधन नव्हे.

वॉर्डसंयोजक_बेळगाव
आभारी आहे सगळ्यांचा. दोन शंका: भाषेचं कसं करायचं, आणि फराळ बंद करावा का? शिफ्टवाल्यांचाही प्रश्न आहेच.

सातवी_पायरी
उतारा दोनदा वाचा, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, वाचणारे वेगवेगळ्या घरचे. बोलताना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलावं. वाक्यावाक्याला भाषांतर केलं की गोडी जाते, शेवटी दोन वाक्यांत सार पुरे. गाणं आळीपाळीनं. म्हाताऱ्यांची कोंकणी गाणी मात्र सोडू नका, तरुणांना ती इथंच कानावर पडतात.

फराळाबाबत माझं मत ठाम आहे: फक्त चहा. एका घरानं शिरा केला की पुढचं घर बटाटेवडे करतं, आणि ज्या घरात परवडत नाही ते "आमच्याकडं पुढच्या महिन्यात" म्हणत म्हणत गळून जातं.

खानापूर_रोड
मी फराळ पूर्ण तोडणार नाही. सणाच्या महिन्यात सगळ्यांनी आपापल्या घरून थोडं थोडं आणावं, यजमानावर भार नको.

शिफ्टवाल्यांसाठी वार कायमचा बांधू नका. कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर एक बैठक बुधवारी साडेसातला, पुढची रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर अर्ध्या तासानं. नवीन तीन समूहांचे संयोजक निवडाल तेव्हा निदान एक तरी शिफ्टवाला घ्या, आणि मुदत दोन वर्षांचीच ठेवा.